नटासाठी उभा केलेला सिनेमा: जॉन कॅसाव्हेटिसची कारकीर्द समजून घेताना

अभिनय, पटकथा आणि दिग्दर्शन, या तिन्ही विभागांत ऑस्करचं नामांकन मिळालेली माणसं अगदी मोजकी. जॉन कॅसाव्हेटिस त्यांतला एक. १९६७च्या ‘द डर्टी डझन’साठी सहायक अभिनेता म्हणून, १९६८च्या ‘फेसेस’साठी पटकथाकार म्हणून आणि १९७४च्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी दिग्दर्शक म्हणून. तिन्ही वेळा बाहुली दुसऱ्याच्या हातात गेली. त्याच्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की पहिल्याच वाक्यात ‘अमेरिकन स्वतंत्र सिनेमाचा जनक’ अशी उपाधी भेटते आणि तिथेच गाडी अडते. स्वतंत्र म्हणजे कोणापासून? कशाच्या जोरावर? आणि पडद्यावर त्यानं काय फरक पडला?

या प्रश्नांचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं: कॅसाव्हेटिस आधी नट होता आणि शेवटपर्यंत नटच राहिला. सिनेमा बनवण्याची एकूण एक व्यवस्था त्यानं नटाच्या बाजूनं फिरवून घेतली. पैसा कुठून आणायचा, दिवे कसे लावायचे, कॅमेरा कुठे ठेवायचा, संकलनात काय ठेवायचं आणि तयार झालेला चित्रपट विकायचा कसा, सगळंच.

त्याचा जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९२९. घर ग्रीक वंशाचं. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स’मध्ये तो अभिनय शिकला आणि १९५४ साली जीना रोलंड्स या अभिनेत्रीशी त्यानं लग्न केलं. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. रीटेक नाही, चुकलं तर चुकलं, एका सेटवरचा प्रवेश संपला की कपडे सावरत दुसऱ्या सेटवर धावायचं. अशा कामात कॅसाव्हेटिस मुरला. मग चित्रपट मिळू लागले. १९५७च्या ‘एज ऑफ द सिटी’त सिडनी पॉइटिएसोबत त्याची मोठी भूमिका होती. देखणा, तापट, अस्वस्थ तरुण अशी त्याची छबी तयार झाली. अशा नटाला तेव्हा हॉलिवूडमध्ये भरपूर मागणी होती. सरळ वाटेनं गेला असता तर सुखानं स्टार झाला असता.

तो गेला नाही. का, ते समजायचं तर त्या काळी चित्रीकरण कसं चालायचं (आणि बऱ्याच प्रमाणात आजही कसं चालतं) हे आधी पाहावं लागेल. नट सेटवर येण्याआधी कॅमेरामन प्रकाशयोजना करतो. दिवे ठरावीक जागेसाठी लावलेले असतात. नटानं नेमकं कुठे थांबायचं याची खूण जमिनीवर चिकटपट्टीनं केलेली असते. त्या खुणेच्या वीतभर पुढे गेलं तर चेहऱ्यावरचा प्रकाश जातो, फोकस जातो आणि ‘कट’ होतं. मग तोच प्रवेश लांबून, मग जवळून, मग समोरच्याच्या बाजूनं, पुन्हा पुन्हा. रडण्याचा प्रवेश असेल तर सकाळी एकदा रडायचं आणि जेवणानंतर वेगळ्या कोनातून तेवढंच, तसंच रडायचं. या पद्धतीनं उत्तम चित्रपट झाले आहेत, होतात, यात वाद नाही. पण तिच्यात यंत्रं आधी आणि माणूस नंतर. रंगमंचावरून आणि थेट टीव्हीवरून आलेल्या नटाला ते जाचणारच.

न्यूयॉर्कमध्ये कॅसाव्हेटिस बर्ट लेनच्या साथीनं अभिनयाची कार्यशाळा चालवत असे. तिथे एकदा एक प्रसंग उत्स्फूर्तपणे उभा राहिला: दिसायला गोरी असलेली एक कृष्णवर्णीय मुलगी, तिच्या प्रेमात पडलेला गोरा मुलगा, आणि तिच्या काळ्या भावाला पाहून त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं सत्य. याचा चित्रपट करायचा, असं कॅसाव्हेटिसनं ठरवलं. तोच ‘शॅडोज’. पैसे नव्हते. १९५७ साली तो जीन शेपर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात गेला आणि बोलता बोलता म्हणाला की लोकांना साध्या माणसांबद्दलचा चित्रपट हवा असेल तर त्यांनीच एकेक-दोन-दोन डॉलर पाठवावेत. लोकांनी खरोखरच पाठवले! सुमारे २ हजार डॉलर जमले. आजच्या लोकवर्गणीच्या वेबसाइटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणूनच ‘शॅडोज’च्या श्रेयनामावलीत जीन शेपर्डच्या श्रोत्यांचा, ‘नाइट पीपल’चा, उल्लेख आहे.

तेवढ्या पैशात चित्रपट होत नाही हे उघड आहे. उरलेला पैसा त्यानं मित्रांकडून आणि स्वतःच्या कमाईतून घातला. चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यावर झालं, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि मित्रांच्या खोल्यांत, बरंचसं परवानगीशिवाय. संगीतासाठी जॅझमधला मातब्बर चार्ल्स मिंगस आला.

१९५८ साली पहिली आवृत्ती दाखवली गेली. समीक्षक जोनास मेकस खूश झाला आणि त्याच्या ‘फिल्म कल्चर’ मासिकानं आपला पहिला स्वतंत्र चित्रपट पुरस्कार ‘शॅडोज’ला दिला. कॅसाव्हेटिस मात्र खूश नव्हता. आपण कॅमेऱ्याच्या करामतीत रमलो आणि माणसं राहून गेली, असं त्याचं मत पडलं. त्यानं पुन्हा चित्रीकरण केलं, बराच भाग नव्यानं लिहिला आणि १९५९च्या नोव्हेंबरात दुसरी आवृत्ती आणली. ती पाहून मेकस चिडला. पहिलीच खरी होती, असं तो जाहीरपणे लिहीत राहिला. कॅसाव्हेटिस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. मला या भांडणात कॅसाव्हेटिसचं पटतं. मेकसला सिनेमाची नवी शैली हवी होती. याला माणसं हवी होती, शैली जुनी की नवी याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी पडद्यावर एक ओळ येते: तुम्ही आत्ता पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त होता. या एका ओळीनं पुढच्या सगळ्या कारकिर्दीवर गैरसमजाची सावली पाडली. कॅसाव्हेटिसचे नट मनाला येईल ते बोलतात, तो नुसता कॅमेरा चालू ठेवतो, असं लोक अजूनही समजतात. प्रत्यक्षात त्याचे पुढचे चित्रपट लिहिलेले आहेत, अगदी संवादांसकट. तो भरपूर लिहायचा, तालमीत नटांचं ऐकून बदलायचा, पुन्हा लिहायचा. मोकळीक शब्दांत कमी आणि वागण्यात जास्त होती. ही ओळ रागानं म्हणायची की हसत, उभं राहून की बसून, हे तो सांगत नसे. नटानं विचारलं तरी सांगत नसे! पीटर फॉकसारखा कसलेला नट ‘हजबंड्स’ या चित्रपटाच्या वेळी यानं पार गोंधळून गेला होता. दिग्दर्शकानं भावना आखून दिली की नट ती ‘दाखवतो’, आणि दाखवलेली भावना खोटी दिसते, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे एकांकिकेच्या तालमीत बसलेल्या कुणालाही यातली खोच लगेच कळेल.

‘शॅडोज’ला १९६० साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांची दाद मिळाली आणि हॉलिवूडनं कॅसाव्हेटिसला दिग्दर्शक म्हणून बोलावलं. त्यानं तिथे दोन चित्रपट केले. पहिला ‘टू लेट ब्लूज’, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दुसरा ‘अ चाइल्ड इज वेटिंग’ (१९६३), बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेतली गोष्ट. बर्ट लँकेस्टर आणि जूडी गार्लंड प्रमुख भूमिकांत, निर्माता स्टॅन्ली क्रेमर. संकलनाच्या टप्प्यावर क्रेमर आणि कॅसाव्हेटिसचं बिनसलं. क्रेमरनं चित्रपट आपल्या पद्धतीनं कापून घेतला. कॅसाव्हेटिसच्या मते त्या कापाकापीत आशयच उलटला: क्रेमरचा चित्रपट या मुलांची जागा संस्थेत आहे असं सांगतो आणि आपण चित्रित केलेला चित्रपट ही मुलं धडधाकट म्हणवणाऱ्या मोठ्यांपेक्षा आपल्या परीनं सरस आहेत असं सांगत होता.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी, कारण कॅसाव्हेटिसचं पुढचं आयुष्य तिच्याभोवती फिरतं. चित्रपटाचं अखेरचं संकलन कुणाच्या मर्जीनं होणार, हा हक्क करारात लिहिलेला असतो आणि तो बहुधा पैसे घालणाऱ्याकडे असतो. दिग्दर्शक महिनोन्‌महिने राबतो, पण कुठला क्षण राहील आणि कुठला जाईल हे शेवटी दुसराच ठरवू शकतो. नटाच्या चेहऱ्यावर एखादी भावना उमटायला पंधरा सेकंद लागत असतील आणि निर्मात्याला पाच पुरेशी वाटत असतील, तर उरलेली दहा कचऱ्यात जातात. कॅसाव्हेटिसला ती दहा सेकंदंच हवी होती. मग मार्ग एकच उरला: पैसा आपला घालायचा, म्हणजे कात्रीही आपल्याच हातात राहील.

आपला पैसा यायचा अभिनयातून. ‘शॅडोज’चं देणं फेडायला त्यानं ‘जॉनी स्टॅकॅटो’ या टीव्ही मालिकेत पियानो वाजवणाऱ्या गुप्तहेराचं काम केलं होतंच. आता ‘द किलर्स’, ‘द डर्टी डझन’, ‘रोझमेरीज बेबी’ अशी कामं त्यानं केली. ‘रोझमेरीज बेबी’मधला स्वार्थी नवरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा नट किती ताकदीचा होता हे सांगायला नको. पण त्या चित्रपटांचं मानधन घरी येऊन जायचं कुठे? तर कच्च्या फिल्मच्या रिळांत.

‘फेसेस’ हे त्याचं पहिलं मोठं उदाहरण. १९६५ साली चित्रीकरण सुरू झालं, सुमारे सहा महिने चाललं. कंपनी नाही, स्टुडिओ नाही. लोकेशन म्हणजे स्वतःचं घर आणि सासूबाईंचं घर. नटांना आणि तंत्रज्ञांना तेव्हा हातात काही मिळत नव्हतं, चित्रपट चालला तर वाटा असा करार. लिन कार्लिन ही व्यवसायानं सेक्रेटरी, तिला त्यानं पत्नीची प्रमुख भूमिका दिली. घराच्या गॅरेजमध्ये संकलन सुरू झालं आणि पैसे संपले की काम थांबायचं. कॅसाव्हेटिस कुठलीतरी भूमिका करून यायचा आणि पुन्हा रिळं बाहेर निघायची. सुरुवातीचं संकलन काही तासांचं होतं, ते उतरवत उतरवत दोन तास दहा मिनिटांवर आणायला तीन वर्षं गेली. १९६८ साली व्हेनिसला यातल्या कामासाठी जॉन मार्लीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ऑस्करची तीन नामांकनं आली, त्यातलं एक सीमोर कॅसलला आणि एक चक्क लिन कार्लिनला.

प्रकाश आणि कॅमेऱ्याचं त्यानं काय केलं, तेही इथेच नीट दिसतं. एका खुणेसाठी दिवे लावण्याऐवजी सगळी खोली सरसकट उजळायची. नट सोफ्यावरून उठून जिन्याकडे गेला तरी अंधारात जाणार नाही. जमिनीवर खुणा नाहीत. कॅमेरा खांद्यावर, आणि नट जाईल तिकडे त्यानं जायचं. यात फोकस सुटतो, कुणाचं डोकं मध्ये येतं, चेहऱ्यावर नको तिथे सावली पडते. स्पष्ट टेक आणि धूसर टेक यांत निवड करायची वेळ आली की कॅसाव्हेटिस अभिनय चांगला असलेला टेक घ्यायचा, मग तो धूसर का असेना. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कच्चं वाटतं. थोड्या वेळानं जाणवतं की आपण एखाद्या घरात आहोत आणि समोर काय होणार हे कॅमेऱ्यालाही माहीत नाही.

आता ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’. माझ्या मते हे त्याचं सर्वांत मोठं काम. जीना रोलंड्सला आजच्या स्त्रीच्या अडचणींवरचं नाटक करायचं होतं. त्यानं लिहून दिलं. तिनं वाचलं आणि सांगितलं की हे रोज रात्री रंगमंचावर करायचं झालं तर मी जिवंत राहणार नाही. म्हणून नाटकाचा चित्रपट झाला. एका कामगाराची बायको वेडी ठरते, याची कथा कुणाला बघायची आहे, असं म्हणत स्टुडिओंनी हात वर केले. कॅसाव्हेटिसनं घर गहाण टाकलं. पीटर फॉक तोवर टीव्हीवर ‘कोलंबो’ मालिकेतला गुप्तहेर म्हणून गाजत होता. ‘हजबंड्स’मध्ये वैतागलेल्या याच फॉकनं आपल्या कमाईतली मोठी रक्कम घातली आणि नवऱ्याची भूमिकाही केली. तंत्रज्ञांमध्ये ‘अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट’चे विद्यार्थी होते, कॅसाव्हेटिस तेव्हा तिथे निवासी दिग्दर्शक होता. नवऱ्याच्या आईचं काम त्याच्या आईनं केलं, बायकोच्या आईचं काम जीनाच्या आईनं.

त्यातला स्पॅगेटीचा प्रवेश नीट पाहण्यासारखा आहे. पाण्याची मोठी पाइपलाइन फुटल्यामुळे निकला, म्हणजे त्या कामगार नवऱ्याला, रात्रभर कामावर थांबावं लागलं आहे. ती रात्र त्यानं बायको मेबलसाठी राखून ठेवली होती, मुलांनाही आजीकडे पाठवलं होतं. सकाळी तो आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना घेऊन घरी येतो. मेबल तक्रार करत नाही, सगळ्यांसाठी स्पॅगेटी शिजवते. लांबलचक टेबल, दाटीवाटीनं बसलेले दमलेले पुरुष. ती प्रत्येकाला नाव विचारते. एक जण इटालियन ऑपेरातलं गाणं म्हणू लागतो, ती अगदी जवळ जाऊन त्याच्याकडे बघत राहते, लहान मूल जादूगाराकडे बघतं तशी. मग ती दुसऱ्या एकाला नाचायला उठवू पाहते, त्याच्या चेहऱ्याचं कौतुक करते. तो लाजतो. ती सोडत नाही. टेबलावरचं हसू हळूहळू आटतं. आणि निक एकदम ओरडतो, बस खाली! सगळे गप्प. कुणीतरी ताटात बघतो. मेबलच्या चेहऱ्यावर आपलं काय चुकलं याचा शोध चालू असतो.

या प्रवेशात कुणी वेडं नाही आणि कुणी दुष्टही नाही. ती पाहुणचार करते आहे, तो घराची लाज राखतो आहे. पण मेबलचा पाहुणचार चार बोटं जास्त आहे, आणि तेवढ्या चार बोटांसाठी पुढे तिला इस्पितळात पाठवलं जाणार आहे. हे कुठल्याही संवादात सांगितलेलं नाही. ते कळायला प्रवेश त्याच्या गतीनं चालू द्यावा लागतो, तो घाईनं कापला तर उरतं ते फक्त ‘नवरा बायकोवर ओरडला’ एवढंच. कात्री स्वतःच्या हातात ठेवण्याचा अट्टहास कशासाठी होता, ते इथे कळतं.

चित्रपट तयार झाला तरी वितरक घ्यायला तयार नव्हते. वितरक म्हणजे निर्माता आणि थिएटर यांच्या मधला दुवा: तो प्रिंट काढतो, जाहिरात करतो, थिएटरं मिळवतो आणि मोबदल्यात तिकीटविक्रीतला मोठा हिस्सा घेतो. तो नसेल तर चित्रपट डब्यात पडून राहतो. कॅसाव्हेटिसनं ‘फेसेस इंटरनॅशनल’ या स्वतःच्या कंपनीतर्फे हेही काम अंगावर घेतलं. ऑफिसात बसून मित्रमंडळी एकेका थिएटरमालकाला फोन करत. नट मंडळी कॉलेजांत जाऊन चित्रपट दाखवत आणि विद्यार्थ्यांशी बोलत. १९७४च्या न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हलमध्ये तो दाखवला गेला, बोलबाला झाला आणि चित्रपट चालला. कॅसाव्हेटिसला दिग्दर्शनाचं आणि जीनाला अभिनयाचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्या वर्षी दिग्दर्शनाचं ऑस्कर ‘द गॉडफादर पार्ट टू’साठी कोपोलाकडे गेलं.

हा मार्ग त्याला कायमचा सापडला, असं मात्र झालं नाही. ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’ १९७६ साली आपटला आणि काही दिवसांतच थिएटरांतून उतरवावा लागला. १९७८ साली त्यानं तो अर्ध्या तासानं कमी करून पुन्हा आणला. वयाच्या भीतीनं कोसळत जाणाऱ्या नटीवरचा ‘ओपनिंग नाइट’ (१९७७) अमेरिकेत जेमतेम दाखवला गेला, आणि त्याच चित्रपटासाठी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात जीनाला अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं. स्वतःच्या पैशातून स्वातंत्र्य मिळतं तसंच नुकसानही एकट्याच्याच अंगावर येतं.

त्याच्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. चित्रपट लांबतात. पात्रं तीच तीच गोष्ट घोळवत बसतात, मोठमोठ्यानं हसतात, दारू पितात, पुन्हा हसतात. मित्राच्या मरणानंतर घर सोडून लंडनला पळालेल्या तीन पुरुषांचा ‘हजबंड्स’ मला पूर्ण पटत नाही. त्या तिघांचा उद्धटपणा दिग्दर्शकाला जरा जास्तच मोहक वाटतो आणि बायकांच्या वाट्याला फक्त सोसणं येतं. जीना रोलंड्ससाठी तो लिहायला बसला की मात्र ही तक्रार उरत नाही. मेबल घ्या, ‘ओपनिंग नाइट’मधली मर्टल घ्या, या बायकांना तो समजावून सांगत नाही आणि त्यांची कीवही करत नाही.

१९८०चा ‘ग्लोरिया’ त्यानं खरं तर पटकथा विकून मोकळं होण्यासाठी लिहिला होता. गुंडांपासून एका लहान मुलाला वाचवणारी मध्यमवयीन बाई, न्यूयॉर्कचे रस्ते, पिस्तूल, टॅक्सी. शेवटी दिग्दर्शनही त्यानंच केलं. व्हेनिसचा सुवर्णसिंह त्याला मिळाला, लुई मालच्या चित्रपटासोबत विभागून. जीनाला दुसरं ऑस्कर नामांकन आलं. १९८४च्या ‘लव्ह स्ट्रीम्स’मध्ये त्यानं आणि जीनानं भाऊ-बहिणीची कामं केली, बरंचसं चित्रीकरण त्यांच्या स्वतःच्या घरात झालं. तोवर त्याची प्रकृती ढासळलेली होती. या चित्रपटाला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. ३ फेब्रुवारी १९८९ रोजी यकृताच्या सिरॉसिसनं तो गेला. वय ५९.

मार्टिन स्कॉर्सेसीनं एक गोष्ट अनेकदा सांगितली आहे. तरुणपणी त्यानं ठेक्यावर एक गल्लाभरू चित्रपट करून कॅसाव्हेटिसला दाखवला. कॅसाव्हेटिसनं त्याला मिठी मारली आणि तोंडावर सांगितलं की आयुष्यातलं एक वर्ष तू या घाणीत घातलंस, आता तुला मनापासून करायचं आहे ते कर. त्यातून ‘मीन स्ट्रीट्स’ झाला. कॅसाव्हेटिसची निक, झॅन आणि झोई ही तिन्ही मुलंही दिग्दर्शनात आली. निकच्या ‘द नोटबुक’मध्ये म्हाताऱ्या नायिकेचं काम जीनानं केलं, आपल्याकडच्या पुष्कळ प्रेक्षकांनी तिला पाहिलं ते तिथेच. २०२४च्या ऑगस्टमध्ये तीही गेली. अमेरिकेत अल्प खर्चात केलेल्या चित्रपटांसाठी दरवर्षी जो ‘इंडिपेंडंट स्पिरिट’ पुरस्कार दिला जातो, त्याला जॉन कॅसाव्हेटिसचं नाव आहे.

पाहायला सुरुवात करायची असेल तर ‘शॅडोज’पासून करू नका, इतिहास म्हणून तो पहिला असला तरी. ‘ग्लोरिया’ आधी पाहा: त्यात पाठलाग आहे, कथा धरून ठेवते, आणि जीना रोलंड्सशी ओळख होते. मग एखाद्या निवांत रात्री, फोन बाजूला ठेवून, ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’. अडीच तासांचा आहे. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा आला तरी निदान स्पॅगेटीपर्यंत थांबा.